तेझुकांचा 'बुद्ध' : एका जपानी चित्रकथेचे परीक्षण

चित्रकथा ही केवळ मुलांच्या करमणुकीची वस्तू, असा समज आपल्याकडे रूढ आहे. ओसामु तेझुका (१९२८–१९८९) यांची 'बुद्ध' ही प्रदीर्घ चित्रकथा तो समज दूर करते. १९७२ ते १९८३ या काळात ती जपानी नियतकालिकांतून क्रमशः प्रसिद्ध झाली.

चित्रांतून बुद्धचरित्र सांगण्याची रीत जपानात जुनी आहे. आठव्या शतकातील एका चित्रपटात खाली सूत्राचा मजकूर व वर त्याची चित्रे आहेत. पुढे चित्रे दाखवून धर्मनिरूपण करण्याची 'एतोकी' ही प्रथा लोकप्रिय झाली. तेझुकांची कृती या परंपरेची आधुनिक वारस होय.

तथापि त्यांचे वेगळेपण आरंभीच प्रत्ययास येते. सिद्धार्थाच्या जन्मापूर्वीच वाचकाची गाठ पडते ती चाप्रा या शूद्र दासाशी आणि तात्ता या अस्पृश्य बालकाशी. दोन्ही पात्रे कल्पित आहेत. चाप्रा सेनापतीचे प्राण वाचवून त्याचा दत्तक पुत्र होतो. परंतु त्याचा जन्म उघड होताच मातेसह मृत्युमुखी पडतो. तात्ता कोसलाविषयीचा सूड आयुष्यभर जपतो व अखेर रणांगणात प्राण गमावतो. जन्म लपविणे आणि सूड घेणे, हे दोन्ही मार्ग लेखकाने निष्फळ ठरविले आहेत. बुद्धचरित्राचा प्रारंभ राजप्रासादाऐवजी दासाच्या दुःखापासून करणे, ही या कृतीची मोठी थोरवी होय.

मग तिसरा मार्ग कोणता? येथे मात्र कृती अपुरी पडते. तेझुकांच्या तथागतांचा भर सर्व सजीवांच्या एकत्वावर व करुणेवर आहे. समतेवर उभा असलेला संघ त्या मानाने मागे राहतो. शिवाय अस्पृश्यता ही दूरच्या, प्राचीन भारताची गोष्ट असल्याचा भास जपानी वाचकास होऊ शकतो. वस्तुतः जपानमध्येही 'बुराकुमिन' समाज बहिष्कृत होता. १८७१ च्या फर्मानाने त्याचा हीन दर्जा कायद्याने संपला, तरी भेदभाव उरला. त्यांच्या मृतांना अवमानकारक धर्मनामे देणारी बौद्ध मंदिरेही तेथे होती, आणि हीन जन्म हे गतजन्मीच्या कर्माचे फळ असे सांगितले जाई. हाच कर्मविचार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (१९५७) या ग्रंथात नाकारला.

म्हणून ही चित्रकथा आपल्या वाचकांनी अवश्य वाचावी. मात्र चाप्रा आणि तात्ता यांचा प्रश्न करुणेने सुटतो की समतेने, हे स्वतःस विचारीत वाचावी.