‘यंडुगुंडु’ आणि ‘अट्टवणै’

चेन्नईच्या उत्तरेस, कोसस्थलैयार नदीच्या मुखाशी एन्नोर वसले आहे. 2001 साली येथे नवे बंदर सुरू झाले आणि बदलीच्या यादीत या गावाचे नाव अधिक वेळा दिसू लागले. नोकरीनिमित्त येथे आलेल्या मराठी माणसाला थोड्याच दिवसांत दोन छंद जडतात. पहिला, येथील बोलीची नक्कल करण्याचा आणि दुसरा, त्याच बोलीतून मराठी शब्द हुडकून काढण्याचा. पहिल्याच्या मुळाशी तुच्छता असते, दुसऱ्याच्या मुळाशी अभिमान. भाषेचा अभ्यास मात्र दोहोंतही नसतो, ही या छंदांविषयीची आमची मुख्य तक्रार आहे.

प्रथम गावाचेच नाव घेऊ. ‘एण्णूरु’ म्हणजे तमिळमध्ये आठशे. एवढे कळताच, आठशे घरांचे ते एन्नोर, अशी व्युत्पत्ती सांगणारा कोणी ना कोणी भेटतोच. परंतु तमिळ लिपीत ‘र’ दोन आहेत. आठशे या संख्येतला र वेगळा आणि गावाच्या नावातला वेगळा. गावाच्या नावातला र हा ‘ऊर’ म्हणजे गाव या शब्दातला आहे. मराठी कानाला हा भेद जाणवत नाही, म्हणून तो तमिळमध्ये नाहीच, असे कसे म्हणता येईल? स्थानकावरची पाटी नीट वाचली असती, तर ही आठशे घरे उभीच राहिली नसती.

दुसरे उदाहरण सर्वांच्या जिव्हाळ्याचे आहे. तंजावरच्या शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात संभाजीमहाराजांसाठी आमटी शिजली, कोकमाऐवजी चिंच पडली आणि पाहुण्याच्या नावावरून ‘सांबार’ हा शब्द झाला, ही कथा कोणत्याही महाराष्ट्र मंडळाच्या पंगतीत ऐकावयास मिळते. शहाजी गादीवर आले 1684 मध्ये आणि संभाजीमहाराजांचा वध झाला 1689 मध्ये. म्हणजे ही भेट घडावयास उणीपुरी पाच वर्षे मिळतात, आणि तीही मोगलांशी चाललेल्या अखंड युद्धाची. अशा भेटीचा समकालीन पुरावा कोणी पुढे आणलेला नाही. शिवाय शब्दाला या कथेची गरजही नाही. संस्कृतात ‘संभार’ म्हणजे जमविलेली सामग्री. विदर्भात आजही कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि नागपूरकर सांबारवडी आवडीने खातात. तेथे तर संभाजीमहाराजांच्या पाहुणचाराचा प्रश्नच येत नाही. जो शब्द मसाल्याच्या सामग्रीतून सरळ उलगडतो, त्याच्यासाठी राजाला स्वयंपाकघरात आणण्याचे प्रयोजन काय?

मग तमिळमध्ये मराठी शब्द नाहीतच की काय? आहेत, आणि त्यांतील एक आपण रोज पाहतो. रेल्वेच्या वेळापत्रकाला तमिळमध्ये ‘काल अट्टवणै’ म्हणतात. मद्रास विद्यापीठाने 1924 ते 1936 या काळात प्रसिद्ध केलेल्या तमिळ बृहत्कोशाने ‘अट्टवणै’चा संबंध मराठी ‘आठवण’शी जोडला आहे. येथे ध्वनीचा हिशेब चोख बसतो. तमिळमध्ये महाप्राण ठ नाही, म्हणून त्याचा ट झाला. दोन स्वरांमधला एकटा ट तमिळ उच्चारात ड होतो, म्हणून तो दुहेरी झाला. अर्थाची वाटही स्पष्ट आहे. मनात राहते ती आठवण, तशी विसरू नये म्हणून टिपून ठेवलेली नोंद हीही आठवणच. नोंदीवरून नोंदवही, नोंदवहीवरून कोष्टक, कोष्टकावरून वेळापत्रक. आणि शब्द ज्या रस्त्याने गेला, तो रस्ताही ठाऊक आहे. 1670 नंतरच्या दशकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले, ते राज्य 1855 पर्यंत टिकले, आणि त्याचे मोडी दप्तर सरस्वती महाल ग्रंथालयात आजही पाहता येते. शब्द पसरला तो तलवारीने नव्हे, कारकुनाच्या बोरूने. भारतीय संविधानाच्या ज्या आठव्या अनुसूचीत मराठी आणि तमिळ शेजारी बसल्या आहेत, तिलाही तमिळमध्ये ‘एट्टावदु अट्टवणै’ असेच म्हणतात.

ध्वनी, अर्थ आणि रस्ता या तीन कसोट्या आहेत. तिन्हींना उतरल्याशिवाय व्युत्पत्ती मानू नये. मात्र त्या आपल्याला सोयीच्या ठिकाणीच लावून चालणार नाही.

आता ‘यंडुगुंडु’ या शब्दाकडे वळू. दाक्षिणात्यांच्या बोलण्यात ‘ंडु’ हा ध्वनी वारंवार कानी पडतो, त्याची ही टवाळी. 1960 नंतरच्या दशकात मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध जी चळवळ पेटली, तीत या शब्दाला धार चढली. परकी भाषा म्हणजे निरर्थक बडबड, असे मानण्याची खोड आपलीच नव्हे. ग्रीकांनीही परभाषिकांना त्यांच्या बोलण्याची नक्कल करूनच ‘बार्बरोस’ हे नाव दिले होते. पण आपल्या बाबतीत एक अडचण आहे. विटीदांडू खेळताना आपण मोजत असू ते ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ कोणत्या भाषेतले? तेलुगूत एक म्हणजे ‘ओकटि’, दोन ‘रेंडु’, तीन ‘मूडु’ (जुन्या तेलुगूत ‘मूंडु’) आणि चार ‘नालुगु’. तिन्ही कसोट्या लावून पाहा. ज्या ‘ंडु’ची आपण थट्टा करतो, तो आपल्या अंगणात, आपल्या पोरांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या नांदत होता.

ही गोष्ट केवळ कोशकारांच्या कामाची नाही. बदलीच्या गावी वाढणारी आपली मुले शाळेत तमिळ मुलांबरोबर बसतात आणि घरी येऊन वडिलांच्या तोंडून ‘यंडुगुंडु’ ऐकतात. सोबत्याच्या भाषेची थट्टा करावयाची की ती शिकावयाची, हे त्यांना कोणी शिकवत नाही. ती आपल्याकडे पाहून ठरवतात. सांबाराची कथा सांगणारा बापही त्यांना नकळत हेच सांगत असतो, की या लोकांजवळचे जे चांगले, ते मूळचे आपले.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. कृ. पां. कुलकर्णी यांनी 1946 मध्ये ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ सिद्ध केला. तेवढे बळ आपल्यापाशी नाही. पण नोंदी ठेवणे हा तर आपला व्यवसायच आहे. बाजारात, बंदरावर, कचेरीत ऐकलेला शब्द, तो कोणाच्या तोंडून आणि कोणत्या अर्थाने आला, एवढे वहीत उतरून ठेवावे. उगमाचा रकाना घाईने भरू नये. तो शेजारच्या तमिळ गृहस्थांना विचारून भरावा. वहीचे नाव ‘आठवण’ ठेवले काय किंवा ‘अट्टवणै’ ठेवले काय, दोन्ही घरांत ते कळेल.