कुडाची भिंत आणि मेलबर्नचा मंडप

वास्तुरचनाकार बिजॉय जैन यांच्या ‘स्टुडिओ मुंबई’ने २०१६ मध्ये मेलबर्नच्या क्वीन व्हिक्टोरिया उद्यानात उभारलेला ‘एमपॅव्हेलियन’ तात्पुरत्या वास्तूचा नमुना म्हणून गौरविला गेला. १६.८ मीटर बाजूचा चौरस मंडप, सुमारे ७ किलोमीटर बांबू, दोरीचे बांध, लाकडी खुंट्या आणि छपराला भारतात विणून नेलेले कारवीचे तट्टे. या रचनेचे सौंदर्य वादातीत आहे. वाद आहे तो तिच्या वंशावळीचा.

रायगड किनाऱ्याला हे साहित्य नवे नाही. सह्याद्रीत साधारणतः ७-८ वर्षांनी एकदा फुलून वाळणाऱ्या कारवीच्या काठ्या उभ्या रोवायच्या, आडव्या कांबींनी आवळायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपायच्या, की कूड तयार होतो. पावसाळ्यापूर्वी पडवीला नारळाच्या झावळ्यांची झापे बांधायची आणि पाऊस सरल्यावर सोडून चुलीत घालायची, ही येथील वहिवाट. लिंपण दरवर्षी झिजते आणि बहुधा घरातील स्त्रीच्या हाताने पुन्हा चढते. म्हणजे येथील तात्पुरतेपण हा साहित्याचा गुण नसून श्रमाचा क्रम आहे. पॅव्हेलियन मात्र हंगाम संपल्यावर मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयात हलविण्यात आला. मोडून टाकण्यापेक्षा ते बरे, हे मान्य. तरीही त्यामागील वृत्ती जतनाची आहे, डागडुजीची नव्हे.

जैन यांच्यावर उसनवारीचा ठपका ठेवणे अन्यायाचे ठरेल. त्यांची कार्यशाळा दीर्घकाळ अलिबाग परिसरात होती. सुतार-गवंड्यांसमवेत प्रत्यक्ष नमुने घडवीत रचना करण्याची त्यांची पद्धत आहे. ताडाच्या पट्ट्यांच्या झडपांचे ‘पामायरा हाउस’ (२००७) हे तिचे फलित. खरी विसंगती अन्यत्र आहे. २०१६ च्याच नोव्हेंबरात प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) सुरू झाली. तिच्या निकषांत शेणमातीची भिंत ‘कच्ची’, म्हणून बदलण्याजोगी. ज्या कारवीला मेलबर्नमध्ये छपराचा मान मिळाला, तिच्याच भिंतीमुळे रायगडमधील कुटुंब पात्र ठरू लागले, ते सपाट प्रदेशासाठी तेव्हा ठरलेल्या १ लाख २० हजार रुपयांच्या साहाय्यातून त्या भिंतीची सुटका करून घेण्यासाठी.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. त्यानंतरची सिमेंटच्या घराची ओढ अज्ञानातून आलेली आहे, असे म्हणता येत नाही. कुडाखाली जांभ्याचे उंच जोते, लिंपणात चुन्याची मिसळ, वाऱ्याला दाद न देणारी छपराची बांधणी आणि या सर्वांना शासकीय मानकात स्थान, हे काम पॅव्हेलियनच्या प्रशंसेतून होणारे नव्हे. अलिबागच्या कार्यशाळेत ते होऊ शकले असते.