मृत्युसमीप अनुभव आणि ‘अमृतधारा’ : प्रमाणाचा प्रश्न

रत्नागिरीजवळील पावसचे स्वामी स्वरूपानंद (१९०३–१९७४) हे १९३४ साली गंभीर आजाराने मृत्यूच्या दारी पोहोचले होते. त्या अनुभवाशी निगडित ‘अमृतधारा’ ही साकीबद्ध रचना आत्म्याच्या अमरत्वाचा पुरावा म्हणून वाचण्याचा मोह होतो. तो टाळावयास हवा.

पिम व्हॅन लॉमेल यांच्या २००१ च्या अभ्यासात हृदयक्रिया थांबूनही वाचलेल्या ३४४ रुग्णांपैकी ६२ जणांनीच मृत्युसमीप अनुभव सांगितले. सतवंत पसरीचा व इयन स्टीव्हन्सन यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय नोंदींत यमदूत चुकीचा माणूस नेतात व परत पाठवितात. अमेरिकी कथनांत ही कारकुनी चूक सहसा आढळत नाही! अनुभव प्रामाणिक असला तरी त्याला आकार संस्कार देतात. तो नेमका केव्हा घडला, हेही नंतरच्या निवेदनावरून ठरत नाही. त्यावरून ईश्वर वा आत्मा सिद्ध करणे ही उडी ठरते.

स्वरूपानंदांच्या सोऽहं परंपरेलाही ती उडी मान्य होणार नाही. तेथे आत्मा द्रष्टा आहे. आला-गेलेला अनुभव, कितीही तेजस्वी असला तरी, दृश्यच होय. १९३४ च्या आजारपणाने त्यांच्या हाती पुरावा दिला नाही. आधीपासून चाललेल्या साधनेची कसोटी घेतली. ‘अमृतधारा’ वाचावयाची ती त्या कसोटीची नोंद म्हणून.