घाम गाळून लिहिलेले ईश्वरवचन

२ नोव्हेंबर हा सर्व मृत भाविकांचा स्मरणदिन. त्या दिवशी आपण दफनभूमीत जातो, कबरींवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो आणि आपल्या माणसांसाठी प्रार्थना करतो. मृतांसाठी अर्पण होणाऱ्या मिस्सांकरिता जी वाचने नेमून दिलेली आहेत, त्यांत मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातील बाराव्या अध्यायाचा एक उतारा आहे. लढाईत पडलेल्या सैनिकांच्या अंगरख्यांखाली मूर्तिपूजकांचे ताईत सापडतात. तेव्हा सेनापती यहूदा मक्काबी लोकांकडून वर्गणी गोळा करून, त्या मृतांच्या पापक्षालनार्थ बली अर्पण करण्यासाठी ती यरुशलेमला पाठवितो. मृतांसाठी प्रार्थना करण्याच्या आपल्या परंपरेला शास्त्रातील जे आधार आहेत, त्यांत हा ठळक होय.

आता आपल्याच घरातील एखादा शिकलेला मुलगा विचारतो, ‘माझ्या प्रॉटेस्टंट मित्राच्या बायबलमध्ये हे पुस्तकच नाही. त्यांची पुस्तके सहासष्ट, आपली त्र्याहत्तर. मग हे पुस्तक देवाचे, हे कशावरून?’ त्याचा प्रश्न एका पुस्तकापुरता राहत नाही. मुळात कोणताही ग्रंथ ईश्वरप्रेरित आहे, असे आपण कोणत्या आधारावर म्हणतो? आजीच्या कबरीपाशी उभे राहून विचारलेला हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. त्याला ‘श्रद्धा ठेव’ एवढेच उत्तर देऊन गप्प बसविणे म्हणजे श्रद्धेचाच अपमान करणे, असे आम्हांस वाटते.

ह्यावर सामान्यतः दिले जाणारे उत्तर असे, की बायबल स्वतःच तसे सांगते. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील तिसऱ्या अध्यायाचा दाखला त्यासाठी पुढे केला जातो. तेथे वापरलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘ईश्वराच्या श्वासातून आलेले’ असा आहे. दाखला मोलाचा आहे. तथापि पुरावा म्हणून तो एकटा पुरत नाही. एक तर स्वतःच्या बाजूने स्वतःच दिलेली साक्ष न्यायसभेत टिकत नाही. दुसरे असे, की ते पत्र लिहिले गेले तेव्हा नव्या कराराचा संग्रह सिद्ध झालेला नव्हता. तेथे डोळ्यांपुढे आहेत ते प्रामुख्याने इस्राएलचे पवित्र लेख. शिवाय कोणती पुस्तके ईश्वरप्रेरित, ह्याची यादी ते पत्र देत नाही. म्हणून ह्या लेखात आम्ही वेगळी वाट धरणार आहोत. एखाद्या ग्रंथाची समीक्षा करताना लेखक स्वतःविषयी काय म्हणतो ते प्रथम पाहावे लागते. शास्त्रलेखकांनाही तोच प्रश्न विचारू.

मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाचा कर्ता ह्या बाबतीत आश्चर्य वाटावे इतका मोकळा आहे. दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी त्याने प्रस्तावना लिहिली आहे. कुरेनेच्या यासोन नावाच्या इतिहासकाराने पाच ग्रंथांत सांगितलेली हकीकत आपण एकाच ग्रंथात संक्षिप्त करीत आहोत, आकड्यांच्या गर्दीत वाचक बुडून जाऊ नये असा आपला हेतू आहे, आणि ह्या कामी आपल्याला घाम गाळावा व रात्री जागवाव्या लागल्या आहेत, असे तो सांगतो. घर बांधणाऱ्या मुख्य कारागिराला साऱ्या इमारतीची काळजी वाहावी लागते. आपण केवळ रंगकाम व सजावट करणारे, अशी उपमाही तो स्वतःला देतो. ग्रंथाच्या अखेरीस तर तो चक्क क्षमायाचनेच्या सुरात बोलतो. लिखाण साधले असेल तर तीच आपली इच्छा होती. ते सामान्य उतरले असेल तर ह्याहून अधिक आपल्या हातून होण्यासारखे नव्हते, असा त्याच्या बोलण्याचा भाव आहे.

देवदूताने कानात सांगितले आणि मी लिहिले, असे हा लेखक कोठेही म्हणत नाही. तो म्हणतो, मी वाचले, निवडले, कमी केले, जागलो. समीक्षक म्हणून त्याच्या ग्रंथाकडे पाहिले तर त्याने स्वतःबद्दल व्यक्त केलेली शंका अगदीच निराधार नाही, हेही कबूल केले पाहिजे. ग्रीक वक्तृत्वाचा त्याला सोस आहे. प्रसंग रंगवण्याच्या भरात तो कधी कधी तोल सोडतो. राझीस नावाच्या यरुशलेमच्या वडीलधाऱ्या पुरुषाच्या आत्महत्येचे वर्णन त्याने अशा आवेशाने केले आहे, की पाचव्या शतकाच्या प्रारंभी आफ्रिकेतील दोनातुसपंथीयांनी आत्मघाताच्या समर्थनार्थ त्याच उताऱ्याचा आधार घेतला. त्या वेळी संत ऑगस्टीन ह्यांनी त्यांना उत्तर दिले, की शास्त्रात एखादी गोष्ट सांगितलेली असणे आणि ती अनुकरणीय ठरणे ह्यांत अंतर आहे. हा ग्रंथ विवेकाने वाचला पाहिजे. ग्रंथ पवित्र मानूनही तो डोळसपणे वाचण्याचा हा धडा आजच्या वाचकालाही तितकाच लागू पडतो.

नव्या करारात ह्याच जातीचा लेखक म्हणजे संत लूक. त्याच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या चार ओव्या मुळात एकच डौलदार ग्रीक वाक्य आहे. आपल्याआधी अनेकांनी असा प्रयत्न केला आहे, प्रत्यक्षदर्शींकडून माहिती आली आहे, आपण सर्व गोष्टींचा मुळापासून शोध घेऊन थियफिल महाशयांसाठी क्रमवार लिहीत आहोत, असे तो सांगतो. ही एका शोधक लेखकाची भाषा आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पहिल्या दोन अध्यायांत अलीशिबा पवित्र आत्म्याने परिपूर्ण होते, जखऱ्या होतो, वृद्ध शिमोनाला आत्माच मंदिरात घेऊन येतो. पण त्या आत्म्याचे नाव लूकने स्वतःच्या प्रस्तावनेत मात्र घेतलेले नाही. आपल्या वाट्याला त्याने ठेवले आहेत ते केवळ श्रम.

संत पौलाचे उदाहरण तर अधिकच मानवी आहे. करिंथकरांस पहिले पत्र लिहिताना तो म्हणतो, की क्रिस्प व गायस ह्यांच्याशिवाय तुमच्यापैकी कोणाचा मी बाप्तिस्मा केला नाही. लगेच त्याला आठवते, की स्तेफनाच्या घरच्यांचाही केला होता. आणि आणखी कोणाचा केला असेल तर लक्षात नाही, अशी पुस्ती तो जोडतो. आधीचे वाक्य खोडले गेले नाही. ज्या पत्राला आपण ईश्वराचे वचन म्हणून मान देतो, त्यात पौलाचा हा विसर जसाच्या तसा उरला आहे.

तेव्हा आपल्या शास्त्राविषयी पहिले सत्य हे, की ते माणसांनी लिहिले आहे. आपल्या देशात ह्या मुद्द्याचे वेगळेपण चटकन लक्षात येते. मीमांसकांनी वेदांना अपौरुषेय मानले. वेदांना कोणी कर्ताच नाही, अशी त्यांची भूमिका. ख्रिस्ती श्रद्धा आपल्या ग्रंथाविषयी तसा दावा करीत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रसिद्ध केलेल्या ‘देई वेर्बुम’ ह्या दस्तऐवजात दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत. पवित्र ग्रंथांचा कर्ता परमेश्वर आहे. आणि ज्या माणसांना त्याने निवडले, तीही आपल्या सर्व शक्ती व गुण वापरून लिहिणारी खरीखुरी ग्रंथकार आहेत. बासरीवाला फुंकतो आणि बासरी वाजते, इतके हे सोपे नाही; येथे बासरीलाही बुद्धी आहे, आठवण आहे आणि विसरही आहे. शाश्वत शब्दाने आपले दुर्बल मानवी शरीर धारण केले, त्याचप्रमाणे देवाच्या वचनांनी मानवी भाषा धारण केली, अशी तुलना परिषदेने केली आहे. ज्याला गव्हाणीतले बाळ देव म्हणून स्वीकारता येते, त्याला लेखकाच्या घामाची अडचण वाटण्याचे कारण नाही.

अडचण खरी येते ती दुसरीकडे. आमच्या दृष्टीने तिचा कठोरातला कठोर नमुना मक्काबींच्या पुस्तकांतच आहे. मंदिर भ्रष्ट करणारा राजा अंतियोख एपिफानेस कसा मेला? पहिल्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायानुसार तो पराभवाच्या वार्ता ऐकून अंथरूण धरतो आणि दुःखाने मरतो. दुसऱ्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात तो रथातून पडतो, त्याच्या देहात किडे होतात आणि परक्या मुलखातील डोंगरांत त्याचा अंत होतो. आणि त्याच पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात, मिसरातील यहूद्यांना पाठविलेल्या पत्रात, नानैया देवीच्या मंदिरात पुरोहित वरून दगडांचा मारा करून त्याला ठार करतात. एक राजा तीन वेळा मरू शकत नाही. आपल्या हाती आलेले पत्र संग्राहकाने जोडले, आणि त्यातील हकीकत पुढील कथनाशी जुळवून घेण्याची खटपट केली नाही, हे उघड दिसते.

ह्यावर ‘इतिहासाचा भाग माणसाचा, धर्माचा भाग देवाचा’ अशी वाटणी करण्याचा मोह होतो. पोप तेरावे लिओ ह्यांनी १८९३ मध्येच ती वाट बंद केली. प्रेरणा ग्रंथाच्या काही भागांपुरती मर्यादित करता येत नाही. ‘देई वेर्बुम’चे उत्तर अधिक खोल आहे. आपल्या तारणासाठी जे सत्य ग्रंथांत नोंदले जावे अशी देवाची इच्छा होती, ते सत्य शास्त्र निश्चितपणे व चुकीविना शिकविते. म्हणून लेखकाला काय सांगायचे होते आणि त्यासाठी त्याने कोणता लेखनप्रकार योजला, हे शोधणे वाचकाचे कर्तव्य आहे. तिन्ही हकीकती एका गोष्टीची ग्वाही देतात: छळ करणाऱ्याची सत्ता अंतिम नसते, आणि देव आपल्या लोकांना विसरत नाही. ही पळवाट असल्याचे कोणी म्हणेल. पण पळवाट शोधणाऱ्यांनी दोन हजार वर्षांत केव्हाच ह्या विसंगती पुसून टाकल्या असत्या. ख्रिस्तसभेने त्या तशाच ठेवून पुस्तक वेदीवर वाचले, ह्यात आम्हांला तिचा प्रामाणिकपणा दिसतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लेखक स्वतः सांगत नाही, तर मग हे ग्रंथ देवाचे, हे कोणी सांगितले? उत्तर असे, की ज्या समाजात ते वाचले, जपले आणि जगले गेले, त्या समाजाने ते ओळखले. ३६७ मध्ये संत अथानासियुस ह्यांनी आपल्या पत्रात नव्या कराराची सत्तावीस पुस्तके नोंदविली. ३९७ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने दिलेल्या यादीत मक्काबींची दोन पुस्तके आहेत. संत जेरोम ह्यांच्यासारख्या थोर विद्वानाला अशा पुस्तकांविषयी शंका होती, हे लपविण्याचे कारण नाही. अखेर ८ एप्रिल १५४६ रोजी त्रेंत विश्वपरिषदेने यादी निश्चित केली. मात्र ह्या निर्णयाने ग्रंथ पवित्र झाले, असा गैरसमज नको. पहिल्या व्हॅटिकन परिषदेने १८७० मध्ये स्पष्ट केले, की ख्रिस्तसभेने मान्यता दिली म्हणून नव्हे, तर पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने लिहिले गेले म्हणून ते पवित्र आहेत. सोनार कस लावून सोने ओळखतो, सोने घडवून आणीत नाही.

‘हे तर वर्तुळ झाले,’ असा आक्षेप येतो. ‘शास्त्रावरून ख्रिस्तसभा आणि ख्रिस्तसभेवरून शास्त्र!’ आक्षेप रास्त आहे, पण पायऱ्या नीट पाहिल्या तर वर्तुळ सुटते. प्रथम आपण शुभवर्तमाने पहिल्या शतकातील माणसांची साक्ष म्हणून वाचतो, शास्त्र म्हणून नव्हे. त्या साक्षीत येशू नावाची व्यक्ती भेटते. तिने शिष्य जमविले, त्यांना अधिकार देऊन पाठविले, आणि तिच्या पुनरुत्थानाची ग्वाही देताना त्यांनी छळ सोसला. त्या व्यक्तीवर विश्वास बसला, की तिने उभ्या केलेल्या समाजाचा शब्द वजनदार ठरतो. आणि मग तो समाज ज्या ग्रंथांकडे बोट दाखवितो ते आपण देवाचे म्हणून हाती घेतो. कॅथॉलिक ख्रिस्तसभेच्या अधिकाराने प्रवृत्त केले नसते तर आपण शुभवर्तमानावरही विश्वास ठेवला नसता, असे ऑगस्टीन म्हणाले ते ह्याच अर्थाने. अर्थात युक्तिवाद माणसाला उंबरठ्यापर्यंत आणतो. आत पाऊल टाकण्यासाठी कृपा लागते, आणि ती मागून मिळते, वाद घालून नव्हे.

त्या मुलाला आम्ही शेवटी त्याच पुस्तकाचा सातवा अध्याय उघडायला सांगू. आपले सात पुत्र डोळ्यांदेखत मारले जात असताना एक आई त्यांना धीर देते. तुम्ही माझ्या उदरात कसे आलात हे मला ठाऊक नाही, श्वास मी तुम्हांला दिला नाही. ज्याने तो दिला तोच तो परत देईल, असे ती म्हणते. अलंकारांचा सोस असलेल्या त्या लेखकाने इतके साधे दुसरे काहीही लिहिलेले नाही. आपल्या लिखाणाबद्दल क्षमा मागणाऱ्या माणसाच्या हातून हे उतरले. ते कोणाच्या श्वासाने उतरले, हे आजीच्या कबरीपाशी ते वाचताना त्या मुलाने स्वतःच ठरवावे. आम्ही ठरविले आहे.