पाळ, पाणी आणि अधिकार : गोंदिया जिल्ह्यातील मालगुजारी तलाव व लोकसहभागाची कल्पना

१

वस्तीचा परिसर, जुन्या वास्तू आणि सार्वजनिक उद्याने यांची सुधारणा स्थानिक लोकांना बरोबर घेऊन करावी, हे तत्त्व आज कोणी नाकारीत नाही. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक अधिष्ठान मिळाले आणि लघुसिंचन, मत्स्यव्यवसाय यांसारखे विषय अकराव्या अनुसूचीत आले. त्यानंतरच्या काळात ‘लोकसहभाग’ हा शब्द सर्व प्रकारच्या योजनांच्या भाषेत रूढ झाला. परंतु एखादे तत्त्व सर्वमान्य झाले म्हणजे त्याची चिकित्सा थांबते, असा अनुभव आहे. सहभाग कोणाचा, कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या अधिकाराने, हे प्रश्न मग विचारले जात नाहीत. योजनेच्या उद्घाटनास गावकरी उपस्थित राहिले, त्यांनी दोन दिवस श्रमदान केले, आराखड्याच्या फलकासमोर माना डोलावल्या, की सहभाग झाला असे समजण्यात येते.

प्रस्तुत लेखात ही कल्पना एका विशिष्ट वास्तुप्रकाराच्या आधारे तपासून पाहावयाची आहे. गोंदिया जिल्ह्यातील मालगुजारी तलाव हा तो वास्तुप्रकार होय. तलावाला वास्तू म्हणणे काहींना रुचणार नाही. शिखर, कमान, कोरीव खांब यांपैकी येथे काहीच नसते. तथापि मातीची पाळ, पाणी सोडण्याचे तुडुम, जादा पाण्याचा सांडवा आणि खालच्या बांध्यांत पाणी नेणारा पाट यांची मिळून जी रचना होते, ती या प्रदेशातील सर्वांत महत्त्वाची सार्वजनिक रचना आहे. गावाचे घाट, देवस्थाने, गुरांचे पाणवठे आणि सावलीची झाडे याच रचनेच्या आश्रयाने उभी राहिली. गावाचे उद्यान असे ज्याला म्हणता येईल, ते येथे पाळच होते.

२

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात पाऊस विपुल पडतो. वार्षिक सरासरी सुमारे १३०० मिलिमीटर भरते. असे असताना तलावांची गरज का भासावी, याचे उत्तर भाताच्या पिकात आहे. पावसाने भाद्रपद-आश्विनात ओढ दिली, तर लोंबीत आलेले भात हातचे जाते. सिहार, मोरांड, खर्डी अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या येथील जमिनींपैकी हलक्या जमिनींना तर हा ताण मुळीच सोसत नाही. म्हणून उतारावर आडवी पाळ घालून पावसाचे पाणी अडवावयाचे आणि गरजेच्या त्या काही आठवड्यांत ते खाली सोडावयाचे, ही पद्धती येथे विकसित झाली. एका तलावाच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावाच्या येव्यात जावे अशी साखळीही अनेक ठिकाणी आढळते. म्हणजे प्रत्येक तलावाचा विचार वरच्या व खालच्या गावांच्या संदर्भात झालेला होता.

या विद्येचे श्रेय परंपरेने कोहळी समाजाला दिले जाते. रसेल व हिरालाल यांच्या मध्यप्रांतातील जातीजमातींवरील १९१६ च्या ग्रंथात कोहळ्यांची ओळख मुख्यतः तलाव बांधणारे व ऊस पिकविणारे म्हणून करून दिलेली आहे. चांद्याच्या एका गोंड राजाने त्यांना काशीहून आणले, अशी आख्यायिकाही तेथे नोंदलेली आहे. अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी याने अठराव्या शतकाच्या प्रारंभी बांधला, असे सांगतात. या कोलू पाटलाचा पुढे ‘कोलासूर देव’ झाला. तलावाभोवतीच्या टेकड्यांना ‘सातबहिणी’ म्हणतात आणि त्यांपैकी एकीवर त्याचे ठाणे आहे.

या दैवतीकरणाकडे केवळ लोकसमजूत म्हणून पाहणे पुरेसे नाही. ज्या वास्तूचा कर्ता देव होतो, तिच्या देखभालीला विधीचे बळ मिळते. पाळीवर कुऱ्हाड चालविणे हा मग केवळ नुकसानीचा प्रश्न राहत नाही. आजच्या भाषेत ज्याला वारशाचे संरक्षण म्हणतात, त्याचे काम येथे श्रद्धेने आणि उपयोगाने मिळून केले.

३

तथापि या जुन्या व्यवस्थेचे गौरवीकरण करणे हा संशोधकाचा धर्म नव्हे. तलाव ‘मालगुजारी’ होते, या नावातच त्यांचा सामाजिक इतिहास सामावलेला आहे. १८६० नंतरच्या दशकातील जमाबंदीने मध्यप्रांतात मालगुजारांना गावाची मालकी बहाल केली. तलाव त्यांच्या ताब्यात होते. पाणी केव्हा व कोणाच्या बांधीत सोडावयाचे, याबाबत त्यांचा शब्द वजनदार होता. पाळीच्या दुरुस्तीचे श्रम कुळांनी करावयाचे, हा रिवाज होता. त्याला आज कोणी लोकसहभाग म्हटले, तर त्यात वेठीचा अंश किती हेही तपासावे लागेल. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, त्यांचा पाण्यावर हक्क कोणता? तलावावर उदरनिर्वाह करणारा ढिवर समाज, भूमिहीन मजूर आणि सर्वच समाजांतील स्त्रिया यांचे स्थान या रचनेत उपयोगकर्त्यांचे होते, निर्णयकर्त्यांचे नव्हते.

एवढे मान्य करूनही एक गोष्ट राहते. त्या व्यवस्थेत उपयोग, हक्क आणि कर्तव्य ही तिन्ही सूत्रे, विषमतेने का होईना, एकाच ठिकाणी गुंफलेली होती. ‘वाजिब-उल-अर्ज’ व ‘निस्तार पत्रक’ या गावच्या कागदांत पाणी, वाट, चराई, मासेमारी यांविषयीचे रिवाज लिहून ठेवण्याची पद्धत होती. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ यानेही कलम १६१ व १६५ द्वारे या नोंदींना स्थान दिले आहे.

१९५० च्या मध्यप्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायद्याने, त्याची अंमलबजावणी १९५१ साली होताच, मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे आले. हा बदल न्याय्य व आवश्यक होता. परंतु मालकी काढून घेताना तिच्याबरोबर बांधलेली देखभाल कोणी करावयाची, याची घडी नीट बसली नाही. मोठे तलाव पाटबंधारे विभागाकडे, लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे, भोवतालचे जंगल वनविभागाकडे, अशी वाटणी झाली. पूर्वी एका पाळीवर उभे राहून जे दिसे, ते आता चार कार्यालयांच्या चार फाइलींत विभागले गेले. तलाव गाळाने भरत गेले, काठ बेशरमाच्या झुडपांनी व्यापले. आणि गावकऱ्यांना तलाव ‘सरकारचा’ वाटू लागला. मालगुजाराच्या जागी गाव यावयास हवे होते. त्या जागी खाती आली.

४

या पार्श्वभूमीवर आजच्या सुधारणांकडे पाहिले पाहिजे. त्यांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात.

पहिला प्रकार सौंदर्यीकरणाचा. शहरातला तलाव असो वा पर्यटनस्थळ, या कामांचा आराखडा बहुधा ठराविक असतो : काँक्रीटचा काठ, फरसबंद पदपथ, लोखंडी कठडा, दिवे, कारंजे, शोभेची झाडे. यात सौंदर्याची एक विशिष्ट कल्पना गृहीत धरलेली असते. पाणी हे पाहण्याची वस्तू आहे, शिवण्याची, वापरण्याची नव्हे, अशी ती कल्पना. कठडा घातला की धुणे, गुरे, होडी आणि जाळे ही सारी तलावाबाहेर जातात. उथळ काठ काँक्रीटने उभा केला की माशांची अंडी घालण्याची जागा आणि पाणवनस्पतींचा पट्टा नाहीसा होतो. वास्तूचे दृश्य रूप सुधारते आणि तिचे कार्य संपते. यावर गावाचे मत घेतले जात नाही असे नाही. पण ते कारंज्याच्या जागेविषयी घेतले जाते, कठड्याच्या आवश्यकतेविषयी नाही.

दुसरा प्रकार संरक्षणाचा. नवेगावबांधच्या परिसरातील वनक्षेत्र १९७५ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले आणि २०१३ च्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. वनांच्या व वन्य प्राण्यांच्या दृष्टीने या घोषणांचे मोल कमी लेखता येणार नाही. पण ‘उद्यान’ या शब्दाचा येथे अर्थ बदलतो : जेथे माणसाचा वापर नियंत्रित वा निषिद्ध असतो, ती जागा. मारुती चितमपल्ली यांच्या नवेगावबांधविषयक लेखनातून मराठी वाचकाला या प्रदेशाची ओळख झाली. त्या लेखनाचा मोठा भाग स्थानिक माणसांजवळच्या पक्षी-वृक्षज्ञानावर उभा आहे, हे वाचकांस विदितच आहे. त्या ज्ञानाला साहित्यात आदराचे स्थान मिळाले. व्यवस्थापनात मात्र ज्ञान देणारा हा माहितगारच राहतो, निर्णयात त्याची गणना होत नाही.

तिसरा प्रकार खोलीकरणाचा. २०१७ साली राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू झाली. गाळ काढून शेतकऱ्यांनी तो स्वखर्चाने शेतात न्यावा, ही तिची मूळ कल्पना जुन्या रिवाजाशी मिळतीजुळती होती आणि म्हणून स्वागतार्ह होती. परंतु यंत्र हाती आले की गाळ काढणे आणि खोदणे यांतील भेद पुसट होतो. तलावाचा तळ हा खड्डा नसतो. काठापासून पाळीकडे तो हळूहळू खोल होत जातो, आणि प्रत्येक खोलीवर निराळी वनस्पती व तिच्या आश्रयाने निराळा मासा असतो. हा उतार मोडला, तर घनमीटरांचा हिशेब वाढतो, पण तलावाची घडण बिघडते. तळाच्या चिकणमातीचा थर फोडला गेल्यास पाणी टिकतही नाही. कोठे थांबावे हे यंत्रचालक सांगू शकत नाही. ते उन्हाळ्यात कोरड्या तळात चालणारा आणि पावसाळ्यात जाळे टाकणारा माणूस सांगू शकतो.

५

ही टीका केवळ तात्त्विक नाही, हे दाखविणारा प्रयोग याच जिल्ह्यात झालेला आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने अर्जुनी-मोरगाव परिसरात ढिवर समाजाबरोबर तलावांचे काम केले आहे. त्यात प्रथम मासे, पाणवनस्पती आणि तलावाचे भाग यांविषयी ढिवरांजवळ असलेल्या माहितीची नोंद करण्यात आली. मग बेशरम उपटणे, तळाची मशागत करून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावणे आणि रोहू, कटला, मृगळ या बाहेरून सोडल्या जाणाऱ्या जातींच्या जोडीने स्थानिक माशांना वाव देणे, अशी कामे झाली. या कामांत ढिवर स्त्रियांचा वाटा मोठा आहे. येथे क्रमाला महत्त्व आहे. आराखडा आधी आणि सहभाग नंतर, असे न होता निदान लोकांनी केले, आणि सुधारणा त्यातून निघाली. ज्याला सुधारणेचे फळ मासळीच्या रूपाने मिळणार होते, त्यानेच श्रम केले. भातखाचरांत घरटी करणाऱ्या सारस पक्ष्याचे रक्षण या जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या साहाय्याने होत आहे, त्याचेही मर्म हेच आहे.

‘उपचारापूर्वी निदान’ हा विचार आपल्या विद्यापीठीय परंपरेला अपरिचित नाही. मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून आलेल्या पॅट्रिक गेडिस यांनी हिंदुस्थानातील नगरांविषयीच्या अहवालांत तो आग्रहाने मांडला होता. हिवतापाच्या भयाने तलाव बुजविण्याचा जो सपाटा तत्कालीन आरोग्य-अभियंत्यांनी लावला होता, त्याला त्यांनी विरोध केला. डासांच्या अळ्या खाणारे मासे व बदके तलावात असू द्या, असा त्यांचा उपाय होता. होळकरांच्या इंदुरात त्यांनी दिवाळीच्या मिरवणुकीला नगरस्वच्छतेची जोड देऊन लोकांना आपापली घरे व गल्ल्या साफ करण्यास उद्युक्त केले. मात्र या उदाहरणाची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. इंदूरचा लोकोत्साह दरबाराच्या अनुज्ञेने आला होता. गोंदियातील गावाला आज अनुज्ञा नको आहे; त्याला निर्णयात स्थान हवे आहे.

असे स्थान देण्याची साधने कायद्यात आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये जलाशयांतील मासे व इतर उत्पन्न यांवरील सामूहिक हक्कांचा स्पष्ट उल्लेख आहे. आणि शेजारच्या गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून त्याच कायद्याचे सामर्थ्य दाखविले आहे.

६

या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात. एक असा, की पाळीचे स्थैर्य, सांडव्याची क्षमता, येव्याचे गणित ही अभियंत्याची कामे आहेत. ती बहुमताने ठरत नाहीत. हे खरे आहे. पण सांडवा किती उंच ठेवावा या प्रश्नाला गणिताइतकीच हितसंबंधांचीही बाजू असते. पातळी वाढली की खालच्या बांध्यांना पाणी अधिक मिळते आणि वरच्या काठाच्या शेतात ते शिरते. अभियंत्याने परिणाम सांगावे; निवड ज्यांना ते भोगावयाचे त्यांनी करावी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘गाव’ हे एकजिनसी नसते. ग्रामसभेच्या हाती निर्णय दिला, तर मालगुजाराची जागा चार मोठे शेतकरी घेतील आणि ढिवर पुन्हा काठावरच राहील. हा धोका वास्तविक आहे. म्हणूनच सहभागाची कसोटी उपस्थितीच्या संख्येवर न ठेवता नकाराच्या अधिकारावर ठेवली पाहिजे. ज्या समूहाचा निर्वाह तलावावर आहे, त्याला आराखडा परत पाठविता येतो काय? त्याचा आक्षेप कागदावर येतो काय? देखभालीसाठी द्रव्य व अधिकार त्याच्याकडे राहतात काय? या प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असतील, तर त्या सुधारणेस लोकसहभागाची म्हणणे हा शब्दाचा गैरवापर होय.

आपल्या विभागांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना यातून एक अभ्यासक्षेत्र खुले होते. मंदिरे व गढ्या यांची मोजमापे घेऊन आराखडे काढण्याची परंपरा आपल्याकडे आहे. तलावाची पाळ, तुडुम आणि पाट यांचे तसे आलेखन होणे आवश्यक आहे. पण केवळ आलेखन पुरे नाही. प्रत्येक तलावाबरोबर वाजिब-उल-अर्जातील नोंदी, काठावरील दैवते, वनस्पती व माशांची स्थानिक नावे आणि पाणीवाटपाचे रिवाज गावकऱ्यांसमवेत नोंदवावेत. आणि त्या नोंदीची एक प्रत गावाच्या दप्तरी राहावी. सुधारणेचा पुढचा आराखडा गावात येईल, तेव्हा तो कशाशी ताडून पाहावयाचा, याचे साधन तरी त्यामुळे गावाच्या हाती असेल.