ताबा आणि कूस

घटस्फोटित मुसलमान मातेचा आपल्या अपत्यांवर हक्क तो कितपत, या प्रश्नाची चर्चा निघाली की दोन टोके हटकून ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, इस्लामात मातेस काहीच नाही. दुसरा म्हणतो, चौदाशे वर्षांपूर्वीच सर्व देऊन झाले आहे. आमच्या मते दोन्ही पक्षांनी मूळ शब्दाकडेच दुर्लक्ष केले आहे.

आपल्या कोर्टकचेरीच्या भाषेत शेताचाही ‘ताबा’ आणि मुलाचाही ताबाच. मुसलमानी धर्मशास्त्रात मात्र संगोपनास ‘हिजानत’ हा निराळा शब्द असून त्याचे मूळ कुशीत धरणे या अर्थाचे आहे. लहानग्याची ही कूस प्रथम मातेची, हे प्रमुख पंथांस मान्य आहे. इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’त एक तंटा नमूद आहे. पत्नीस सोडल्यानंतर उमर यांना आपला मुलगा आसिम कुबा येथील मशिदीच्या अंगणात खेळताना दिसला. त्यांनी त्यास उचलून आपल्या वाहनावर घेतले. मुलाची आजी आडवी आली. खलिफा अबू बक्र यांनी तिच्या बाजूने निवाडा दिला, आणि उमर यांच्यासारखा करारी पुरुषही निरुत्तर राहिला.

हनफी पंथात मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत व मुलगी वयात येईपर्यंत मातेजवळ राहते. रत्नागिरीच्या मांडवीपासून सबंध किनाऱ्यावर पसरलेले कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई. त्या पंथाच्या शास्त्रकारांनी तर समज आल्यावर, सुमारे सातव्या वर्षी, खुद्द मुलासच विचारावे असे सांगितले. ही उदारता थोडीथोडकी नव्हे.

परंतु येथेच थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. कूस मातेची, पण ‘विलायत’, म्हणजे पालकत्वाचा अधिकार, पित्याचा. माता मुलाच्या मिळकतीची कायदेशीर पालक नव्हे, असे प्रिव्ही कौन्सिलने 1918 मध्ये इमामबंदी खटल्यात ठरविले. शिवाय मातेने परक्या पुरुषाशी पुनर्विवाह केला की सामान्यतः तिचा हक्क सरतो. पित्याच्या पुनर्विवाहास अशी अट नाही. मांडवीच्या एखाद्या तरुण मातेस संसार हवा की लेकरू, असे विचारणारा नियम त्या ‘कूस’ शब्दाशी कसा जुळतो, हे शास्त्रज्ञांनीच सांगावे.

1890 च्या पालक व पाल्य कायद्याने मुलाचे हित न्यायाधीशापुढे ठेवले. तत्काळ तलाक उच्चारला गेलेल्या पत्नीस 2019 च्या कायद्याने अज्ञान मुलांचा ताबा दंडाधिकाऱ्याने ठरवील त्या रीतीने देऊ केला. दोन्ही गोष्टी इष्ट आहेत. पण कोर्टाची पायरी चढण्याचे बळ नसलेल्या स्त्रीस त्यांचा उपयोग कितीसा?

म्हणून आमचे म्हणणे इतकेच की, सुधारणेसाठी परका शब्द उसना आणण्याचे कारण नाही. जुनाच शब्द प्रामाणिकपणे वाचावा. कूस म्हटली की तिला पुनर्विवाहाची जकात लावता येत नाही.