प्रवेशपरीक्षा आणि प्रश्नाची भाषा

अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांची तुलना करताना सामान्यतः गुणांच्या अटी पाहिल्या जातात; परीक्षेच्या भाषेचा विचार क्वचितच होतो. वस्तुतः भाषा हीही प्रवेशाची एक अट आहे, आणि ती अट म्हणून नोंदलेली नसल्यामुळेच तिची चिकित्सा अगत्याची ठरते.

उदाहरणादाखल तीन संस्था घेता येतील: १८५४ साली आरंभ झालेले व २०२२ साली विद्यापीठ बनलेले पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय, १९६० साली स्थापन झालेली नागपूरची विश्वेश्वरय्या संस्था आणि १९५८ सालची पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था. तिन्ही ठिकाणी पदवी चार वर्षांची व पायाभूत विषय बहुतांशी तेच. प्रवेशाच्या वाटा मात्र भिन्न. पुण्यास मुख्यत्वे राज्याची सीईटी लागते. नागपूरसाठी जेईई मेन, आणि खुल्या वर्गास बारावीत ७५ टक्के गुण अथवा आपल्या मंडळातील वरच्या २० शततमकांत स्थान हवे. पवईसाठी बारावीची हीच अट असून, जेईई मेनमधून निवडलेल्या सुमारे अडीच लाखांनाच जेईई अ‍ॅडव्हान्स्डला बसता येते.

आता भाषा पाहू. जेईई मेन २०२१ पासून मराठीसह १३ भाषांत होते; अ‍ॅडव्हान्स्ड केवळ इंग्रजी व हिंदीत. सीईटीत भौतिकी व रसायन मराठीतूनही मिळतात, परंतु गणित इंग्रजीतच. आणि २०० पैकी १०० गुण गणिताचेच आहेत. म्हणजे केंद्राची परीक्षा गणित मराठीत विचारते, आणि मराठी ज्या राज्याची राजभाषा आहे, त्याची परीक्षा ते विचारीत नाही.

यावर असा आक्षेप येईल की, कनिष्ठ महाविद्यालयांत विज्ञानाचे अध्यापन बहुतांशी इंग्रजीतूनच चालते. मग मराठी प्रश्नपत्रिकेचे प्रयोजन काय? आक्षेप निराधार नाही. परंतु दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या विद्यार्थ्याचे गणिताचे आकलन त्याच भाषेत रुजलेले असते. संभाव्यतेचे शाब्दिक उदाहरण सोडविताना त्याची कसोटी गणिताची होते की इंग्रजी वाक्यरचनेची, हे गुणपत्रिकेवरून कळत नाही.

शिवाय, नुसत्या भाषांतराने न्याय होत नाही. जेईई मेनच्या नियमानुसार भाषांतरात संदिग्धता आढळल्यास इंग्रजी पाठच अंतिम मानला जातो. पाठ्यपुस्तकात 'चाल' म्हणजे केवळ परिमाण, तर 'वेग' म्हणजे दिशेसह. व्यवहारात मात्र 'वेग' हा शब्द दोन्ही अर्थी चालतो. भाषांतरकाराची येथे गल्लत झाली, तर मराठी वाचणारा निराळाच प्रश्न सोडवील, आणि नियम त्यालाच चुकीचा ठरवील. अशा व्यवस्थेत मराठी प्रश्न हा इंग्रजी प्रश्नाची केवळ छाया उरतो.

२०२१ साली तंत्रशिक्षण परिषदेने भारतीय भाषांतून अभियांत्रिकी पदवीस अनुमती दिली. जिची पदवी मराठीतून घेता येते, तिच्या प्रवेशाचे गणित मराठीतून विचारता येऊ नये, ही विसंगती होय. ती दूर करणे राज्याच्याच हाती आहे. त्यासाठी सीईटीचे गणित मराठीत आणावे, त्याची परिभाषा आधी निश्चित करावी आणि मराठी पाठास इंग्रजीइतकेच प्रामाण्य द्यावे. तोवर या अटींची कोणतीही तुलना अपुरीच राहील.